हवेत लटकलेले प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला आणि बघतो तर काय, निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची. वॉरगेममधलं, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेल्स मांडून खेळायच्या लढाईतलं, उडणारं मॉडेल, त्याच्या खाली पारदर्शक दांडी, दांडीखाली बेस, आणि ह्या तिघांचं आपसात पटत नाही. कुणाचं यान पडलंय, कुणाचा ड्रॅगन कलंडलाय, कुणाची काचेसारखी दांडी पांढरीफटक झालीये. म्हणून म्हटलं या महिन्यात बाकी सगळं बाजूला, फक्त फ्लाइंग स्टँड, म्हणजे हीच दांडी आणि बेस. माझ्याकडेही तुटलेल्या दांड्यांनी भरलेला एक डबा आहे, त्यामुळे खाली जे सांगतोय ते बऱ्यापैकी स्वतःचं नुकसान करून शिकलेलं आहे.

प्रश्न: दादा नमस्कार. माझं रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकचं) एक उडतं यान आहे, दांडीच्या टोकाला बारीक गोळी आहे आणि यानाच्या पोटात तेवढाच खड्डा. सुपरग्लू लावून आत्तापर्यंत चार वेळा चिकटवलं. दोन दिवस नीट राहतं, मग कुणाचा तरी हात लागतो की टक् करून सुटतं. आता कुठला जास्त स्ट्राँग ग्लू आणू?
— चार वेळा पडलेला

ग्लू आणूच नका. म्हणजे आणा, पण तो या गोष्टीतला हिरो नाहीये. कसंय ना, त्या गोळीचा आणि खड्ड्याचा एकमेकांना खरा स्पर्श होतो तो अगदी टिचभर जागेत, आणि वर अख्खं यान पंख पसरून बसलेलं. कुणी पंखाला बोट लावलं तरी सगळा जोर तरफेसारखा त्या टिचभर जागेवर येतो. सुपरग्लू सरळ ओढलं तर जाम धरून ठेवतो, पण वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, त्यामुळे धक्का बसला किंवा एका कडेनं उचकटलं की लगेच हार मानतो. तुम्ही चार वेळा केलंत, चाळीस वेळा केलंत तरी तेच होणार.

त्यापेक्षा ती गोळी कापून टाका आणि दांडीच मॉडेलच्या आत घुसवा. हिशोब करून बघा ना: ३ मिलिमीटर जाडीच्या गोल दांडीचं नुसतं टोक चिकटवलं तर ग्लूला मिळतात साधारण ७ चौरस मिलिमीटर. तीच दांडी ६ मिलिमीटर आत घातली की बाजूची जागा धरून ६३ च्या आसपास, म्हणजे नऊपट. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आता मॉडेल वाकायला लागलं तर भार भोकाच्या भिंतीवर येतो, ग्लूवर नाही. ग्लूचं काम उरतं फक्त दांडी वर सरकू न देण्याचं, तेवढं तो आरामात करतो.

पोट तेवढं जाड नसेल तर मग पिन. १ मिलिमीटरची पितळी तार घ्या किंवा घरातली पेपरक्लिप कापा, हातानं फिरवायच्या छोट्या ड्रिलनं दोन्हीकडे चार-पाच मिलिमीटर भोक पाडा, तारेला सँडपेपर मारून खरखरीत करा आणि बसवा. दोन्ही भोकं समोरासमोर येत नाहीत ही सगळ्यांचीच रड असते, त्याला सोपी युक्ती: आधी दांडीत तार बसवायची, तारेच्या टोकाला ओला रंग लावायचा आणि मॉडेलच्या पोटावर जिथे हवं तिथे टेकवायचं. ठिपका उमटला तिथेच ड्रिल.

आणि हो, रेझिन म्हणालात म्हणून विचारतो, धुतलं होतं का? साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो, त्याच्यावर कुठलाच ग्लू धड बसत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. तसंच सांध्याच्या जागी रंग असेल तर खरवडून काढा, नाहीतर ग्लू रंगाला चिकटतो आणि रंग मॉडेलला सोडून येतो, मग आपण उगाच ग्लूला शिव्या घालतो.

ग्लू विचारलाच होतात तर या कामाला दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या. पाच मिनिटंवाला म्हणतात तो पाच मिनिटांत घट्ट व्हायला लागतो एवढंच, पूर्ण ताकद यायला एक दिवस द्या. भोक जरा सैल झालं असेल तरी इपॉक्सी ती फट भरून काढतो, पातळ सुपरग्लू नाही भरत.

प्रश्न: सुपरग्लूनं दांडी चिकटवली आणि सकाळी बघितलं तर सांध्याच्या आजूबाजूला सगळं पांढरं धुकं. पुसलं तरी पूर्ण जात नाही. पारदर्शक दांडी घेण्याचा उपयोग काय मग? काही उपाय आहे का?
— धुक्यात हरवलेली

ताई, ते धुकं म्हणजे ग्लूचीच वाफ. सुपरग्लू वाळताना थोडी वाफ सोडतो, ती आजूबाजूच्या पृष्ठभागावर बसते, तिथला दमटपणा मिळाला की तिथेच घट्ट होते आणि पांढरी पावडर दिसायला लागते. ग्लू जितका जास्त ओतला आणि हवा जितकी कोंडलेली तितकं धुकं जास्त. बरेच जण काय करतात, धूळ बसू नये म्हणून चिकटवलेलं मॉडेल लगेच डब्यात ठेवून झाकण लावतात. झालं! सकाळी अख्खं यान पिठात लोळल्यासारखं. पोलीस ठसे शोधायला मुद्दाम हेच करतात, बंद पेटीत ह्याच ग्लूची वाफ सोडतात आणि बोटांचे ठसे पांढरे उमटतात. म्हणजे तुमच्या दांडीवर तुमचे ठसेही उमटले असतील, नीट बघा.

ह्या ग्लूच्या जन्माची कथा पण मजेशीर आहे. १९४२ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, त्यात हे रसायन हाती लागलं, पण ते दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला टाकलं. पुढे १९५१ मध्ये जेट विमानांच्या पारदर्शक छतासाठी काम चालू असताना परत तेच समोर आलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की अरे, हा तर ग्लू आहे, आणि १९५८ मध्ये तो विकायला आला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या शोधात सापडलेली वस्तू आणि आज पारदर्शक प्लॅस्टिकचीच वैरी, काय म्हणणार!

आता उपाय. धुकं नुकतंच धरलं असेल तर मऊ कपड्यावर तेलाचा एक थेंब घेऊन चोळा, बरंच दिसेनासं होतं. नाहीच गेलं तर प्लॅस्टिक पॉलिशनं हळूहळू घासा, नाहीतर ब्रशनं पातळ ग्लॉस वार्निशचा एक हात मारा, बारीक खडबडीतपणा भरला जातो आणि दांडी परत स्वच्छ दिसते. एक मात्र करू नका, अ‍ॅसिटोन किंवा नेलपेंट रिमूव्हर लावायला जाऊ नका. तो ग्लू विरघळवतो हे खरं पण त्याच्या आधी दांडी विरघळवतो.

पुढच्या वेळी जो सांधा डोळ्यांना दिसतो तिथे सुपरग्लू वापरूच नका. इपॉक्सी धुकं करत नाही. मॉडेल हलकं असेल तर कॉकपिटच्या काचा चिकटवायला मिळतो तो पांढरा, वाळल्यावर पारदर्शक होणारा ग्लूही चालतो. सुपरग्लूच वापरायचा असेल तर टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच, आणि खिडकी उघडी, पंखा लांबून चालू.

प्रश्न: माझ्याकडे जुना धातूचा ड्रॅगन आहे, चांगला जड. पिन घालून, इपॉक्सी लावून एकदम पक्का केला, सांधा हलत पण नाही. पण आता टेबलाला धक्का लागला की स्टँडसकट आडवा होतो!! पंखाचं टोक दोनदा वाकलं.
— ड्रॅगनवाला

म्हणजे सांधा जिंकला आणि बेस हरला. कागद घ्या, दोन मिनिटांचं गणित आहे. समजा ड्रॅगन ६० ग्रॅम, जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर, आणि खाली ३२ मिलिमीटरचा बेस, दांडीसकट ५ ग्रॅमचा. म्हणजे सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य साडेपाच सेंटिमीटरवर आणि बेसची त्रिज्या १६ मिलिमीटर. असं मॉडेल साधारण १६ अंश कललं की गेलं. आता बेसखाली ४० ग्रॅम वजन चिकटवा, गुरुत्वमध्य उतरून पावणेचार सेंटिमीटरच्या खाली येतो आणि २३ अंशांपर्यंत टिकतं. वजन ठेवून बेसही ४० मिलिमीटरचा केला तर २८ अंश. तोच ड्रॅगन, तीच दांडी.

एकच आहे की लोखंडाची घनता बघता ३२ मिलिमीटरच्या बेसच्या पोकळीत ४० ग्रॅम मावत नाहीत, साधे वॉशर घालून फार तर दहा-बारा ग्रॅम होतात. त्यामुळे माझ्या मते आधी बेस मोठा करा, मग त्याच्या पोकळीत वॉशर, नट, शिसाचे तुकडे जे बसेल ते इपॉक्सी पुटीत (कणकेसारखी मळायची, मग कडक होते ती) दाबून भरा. तुमच्या गेममध्ये बेसच्या मापाचा नियम असेल तर समोरच्याला आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, पण खेळ सुरू झाल्यावर सांगितलं तर भांडण. नियमच आडवा आला तर दांडी छोटी करा. दोन सेंटिमीटर उंची कमी झाली म्हणून ड्रॅगन काही कमी उडत नाही.

अजून एक, दांडी अगदी पोटाच्या मधोमध न लावता मॉडेलच्या तोलाच्या जागी लावा. ड्रॅगनची मान नि डोकं पुढे आलेलं असतं, त्यामुळे मापानं काढलेला मध्य आणि तोलाचा मध्य कधीच एक नसतो. चिकटवायच्या आधी मॉडेल एका बोटावर तोलून बघा, जिथे स्थिर राहतं तिथे खूण करा. हे इतकं साधं आहे आणि तरी मी स्वतः कित्येक मॉडेल्सना हे न करता भोकं पाडली आहेत.

प्रश्न: काका, मी मॅग्नेट लावायचं ठरवलंय, कारण स्टँडसकट मॉडेल डब्यात मावत नाही. पण पहिल्याच प्रयत्नात एक मॅग्नेट उलटा चिकटला आणि आता यान दांडीपासून लांब पळतं. आणि दुसऱ्या एकात नीट लागलाय पण यान पंख्यासारखं गरगर फिरतं. काय चुकतंय?
— दहावीतला पायलट

अरे चुकत काही नाही, ह्यातून सगळे गेलेत. आणि मॅग्नेटचा विचार एकदम बरोबर आहे, मला तर वाटतं शक्य तिथे हाच करावा. कारण बघ, टेबलावर धक्का बसणारच, कुठेतरी काहीतरी सुटणारच. मग काय सुटावं हे आपणच आधी ठरवून ठेवलेलं बरं ना? पक्क्या चिकटवलेल्या मॉडेलमध्ये दांडी मोडते नाहीतर पंख मोडतो. मॅग्नेट असला की यान टुणकन निघून येतं, तू उचलून परत ठेवतोस, मोडत काही नाही.

उलटसुलटचं असं कर. सगळे मॅग्नेट एकावर एक चिकटू दे, म्हणजे सगळ्यांची तोंडं आपोआप एकाच दिशेला येतात. मग वरचा एक काढ, वरच्या बाजूला मार्करनं टिंब दे, पुढचा काढ, टिंब दे, असं सगळ्यांना. आता एकच नियम पाळायचा: दांडीवर टिंब वर, मॉडेलच्या पोटात टिंब आत. सगळ्या मॉडेल्सना हाच. म्हणजे कुठलंही यान कुठल्याही दांडीवर बसेल. आणि हे पण झेपत नसेल तर दांडीवर मॅग्नेट आणि पोटात लोखंडी वॉशर किंवा स्क्रूचं डोकं लाव, पकड थोडी कमी मिळते पण उलटं लागायचा प्रश्नच मिटला.

गरगर फिरण्याचं कारण म्हणजे दोन गोल चकत्या एकमेकींवर, अडवणारं काहीच नाही. मॅग्नेट सरळ ओढला तर जोर लावावा लागतो, पण बाजूला सरकवायला फार कमी जोर पुरतो, हे तू बोटानं करून बघितलंच असशील. म्हणून पोटातला मॅग्नेट पृष्ठभागाच्या बरोबरीनं बसवू नको, एक मिलिमीटर आत बसव, आणि दांडीवरचा त्या खळग्यात जाऊन बसेल असं कर. झालं, घसरणं बंद. फिरणं थांबवायला शेजारी तारेचा एक बारीक खुंटा आणि समोर त्याला भोक. लढाऊ विमान तिरपं वळतंय असं दाखवायचं असेल तर दांडीच्या टोकाला लोखंडी छर्रा आणि पोटात मॅग्नेट, हवं तसं कलवता येतं, मात्र हे हलक्या प्लॅस्टिकच्या मॉडेललाच, जड असेल तर हळूच मान टाकतं.

माप म्हणशील तर हलक्याला ३ मिलिमीटर व्यासाचा आणि २ जाडीचा पुरतो, मोठ्याला ५ चा घे. मॅग्नेटवर चकचकीत निकेलचा मुलामा असतो, त्याला सँडपेपर मारल्याशिवाय ग्लू धरत नाही. आणि दोन मॅग्नेटच्या मध्ये ग्लूचा, रंगाचा, वार्निशचा जाड थर येऊ देऊ नको, अंतर जरा वाढलं की पकड भराभर कमी होते. वाकलेलं रेझिन गरम पाण्यात घालून सरळ करायचं असेल तर ते मॅग्नेट लावायच्या आधी उरकून घे, साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर तापले की कायमचे कमजोर होतात.

आणि हे मात्र अगदी गंभीरपणे सांगतोय. घरात लहान भावंडं असतील तर सुटे मॅग्नेट झाकणाच्या डबीत, उंचावर. दोन मॅग्नेट पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग थेट ऑपरेशनवर जातं. असं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल.

प्रश्न: अ‍ॅक्रिलिक रॉड आणून स्वतः स्टँड करायला घेतले. कापताना तुकडे उडाले, ड्रिल करताना एक चिरला आणि एक चक्क वितळून ड्रिलला चिकटून बसला. माझंच नशीब असं का?

नशीब नाही, घाई. पक्कड किंवा कटरनं अ‍ॅक्रिलिक कापलं की ते चिरफाळतंच, बारीक दातांची करवत घ्या आणि कापायच्या जागी टेप गुंडाळा. डोळ्यांवर चष्मा, तुकडे खरोखर उडतात. ड्रिलचं म्हणाल तर अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंशांच्या जरा वर गेलं की मऊ पडतं, आणि मशिनवर जोरात फिरणारं टोक तेवढं तापायला काही सेकंदच लागतात. मऊ झालेलं प्लॅस्टिक टोकाला गच्च धरतं, मग आपण जोर लावतो, मग चीर. म्हणून मशिन नको, हातानं. गरम सुईनं मधोमध छोटा खड्डा करून घ्या म्हणजे टोक घसरत नाही, दांडीला बाहेरून टेप, साबणाच्या पाण्याचा एक थेंब, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. ३ मिलिमीटरच्या दांडीत १ मिलिमीटरच्या वर भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, भिंतच उरत नाही.

झाल्यावर स्पिरिटनं पुसू नका. ताजं ड्रिल केलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण अडकलेला असतो, त्याला स्पिरिट लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसायला लागतात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. साधं साबणपाणी बास.

मॉडेलबरोबर येणाऱ्या साच्यातल्या दांड्या बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकच्या नसून पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या असतात, त्या आणखी ठिसूळ. पण मॉडेलही पॉलिस्टायरीनचं असेल तर प्लॅस्टिक सिमेंट नावाचा ग्लू दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो, तिथे तो बेस्ट. रेझिन आणि धातूला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि सतत दांड्या मोडतच असतील तर सरळ पितळी रॉड लावा की! एक मीटरवरून बघताना बारीक काळी केलेली तार पारदर्शक दांडीपेक्षा कमी डोळ्यात येते असं माझं मत आहे, पारदर्शकवाले रागावतील, रागावू देत.

प्रश्न: जुनं वापरलेलं मॉडेल घेतलं. आधीच्या मालकानं दांडी अशी चिकटवलीये की निघतच नाही, दांडी वाकडी आहे. रंग सुंदर आहे, तो खराब नाही करायचा.

आधी फ्रीझर. पिशवीत गुंडाळून दोन तास. गारठ्यानं सुपरग्लू आणखी ठिसूळ होतो, बाहेर काढल्या काढल्या दांडी पकडून झटकन पीळ द्या, बऱ्याच वेळा टक् करून सुटते. मॉडेल धरताना पंखाला नाही, पोटाला धरायचं. दोनदा करून नाही निघाली तर समजा की इपॉक्सी आहे आणि हट्ट सोडा. दांडी पोटालगत करवतीनं कापा, उरलेल्या बुंध्यात आधी १ मिलिमीटरचं, मग दीडचं, मग दोनचं असं वाढवत भोक पाडा, आपोआप नवीन दांडीची जागा तयार होते. रंगावर आधी मास्किंग टेप लावून घ्या.

प्रश्न: रंगवायच्या आधी स्टँडवर चिकटवायचं की नंतर?

नंतर. भोक, पिन, मॅग्नेट सगळं आधी, बसवून बघायचंही आधी, पण चिकटवायचं रंग आणि वार्निश वाळल्यावर. मॅट वार्निशचा स्प्रे पारदर्शक दांडीवर बसला तर ती दुधी होते. रंगवताना त्याच भोकात टूथपिक खोचा, धरायला मूठ होते आणि भोकात रंगही जात नाही. आधीच चिकटवून बसला असाल तर दांडीला आणि बेसला टेप गुंडाळून मगच स्प्रेची बाटली हलवा.